धाग्यासाठी गारवा

सुरत आणि उधना या दोन स्थानकांच्या मध्ये, लोहमार्गाच्या पूर्वेस लिंबायतची दाट वस्ती पसरलेली आहे. उधन्याहून तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर आणि जळगावच्या दिशेने जातो. याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली आणि त्यांपैकी पुष्कळांनी लिंबायतेत घरे केली. तेथील गल्ल्यांतून आजही अहिराणी कानी पडते. यंत्रमागाच्या कारखान्यास या भागात ‘खाते’ म्हणतात. मुंबईच्या गिरणीतील साचेखात्यात आयुष्य वेचलेल्या माणसाला हा शब्द परका वाटणार नाही. वैशाखात अशा खात्यात शिरणाऱ्यास प्रथम जाणवतो तो मागांचा खडखडाट, आणि दुसऱ्याच क्षणी जाणवतो तो उष्मा.

यंत्राने हवा निववण्याची विद्या जगात शंभर वर्षांहून जुनी आहे. किंबहुना तिचे आजचे इंग्रजी नाव रूढ झाले तेच मुळी कापडधंद्यात. असे असता ज्याच्या हातून कापड विणले जाते, त्याच्या वाट्याला हा गारवा का येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी इतिहासात, तर काही अंशी विजेच्या हिशेबात सापडते.

यंत्रांच्या आधी थंडावा मोजला जाई तो बर्फाच्या वजनाने. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला सुमारे १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासात त्यातील बराच वितळला. तरी सुमारे शंभर टन बर्फ बंदरात उतरला. पुढच्याच वर्षी मुंबईकरांनाही या बर्फाची चव मिळाली. पुढे यंत्रे आली आणि बर्फाचा तो व्यापार बुडाला. मात्र त्याचे माप मागे राहिले. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढून टाकणाऱ्या यंत्रास आजही ‘एक टनाचे यंत्र’ म्हणतात. विजेच्या भाषेत हे प्रमाण साडेतीन किलोवॉट उष्णतेइतके होते.

१९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील ओलावा ताब्यात ठेवणारी योजना आखली. तेथे अडचण होती ती कागदाची; दमट हवेने तो फुगे आणि रंग जागेवर बसत नसत. चार वर्षांनी, १९०६ मध्ये, उत्तर कॅरोलिनातील स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-अभियंत्याने आपल्या यंत्रणेसाठी ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द योजिला. सुतास जशी अवस्था द्यावी लागते, तशीच हवेसही द्यावी, असा त्याचा आशय होता. अर्थात या विद्येच्या जन्मवेळी विचार झाला तो कागदाचा आणि सुताचा.

हिंदुस्थानात याची चाहूल त्याहून आधी लागली होती. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. नागपूरचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होऊन तुटतो. जमशेटजींनी या गिरणीत हवा दमट राखणारी साधने बसविली. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते. म्हणून कोरड्या मुलखात पाण्याच्या तुषारांनी धागाही सांभाळला जातो आणि हवाही निवते. धाग्याची गरज आणि माणसाचे सुख यांची अशी गाठ तेथे आपोआप पडली.

परंतु सर्वत्र असे घडले नाही. लँकेशायरच्या विणकामाच्या कारखान्यांत दमटपणासाठी सरळ वाफ सोडीत. त्याने धागा टिके, पण विणकर घामाने भिजून जात. त्यांच्या तक्रारींमुळे १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून या दमटपणास मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाना कायद्यात, याविषयी दोन कलमे आली. कामगाराच्या प्रकृतीस बाधा येऊ नये इतपत वायुवीजन आणि तापमान राखावे, असे तेरावे कलम सांगे. तर कृत्रिम दमटपणाचे नियम करण्याचा आणि तो मोजण्याचा अधिकार पंधराव्या कलमाने राज्यांना दिला. त्यासाठी वापरावयाचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे किंवा शुद्ध केलेले असावे, इतकी बारीक काळजी त्यात होती.

पुढे १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. गिरणगाव ओस पडत गेले आणि विणकाम भिवंडी, मालेगाव, सुरत अशा ठिकाणच्या लहान लहान यंत्रमागांकडे वळले. सुरतेने कृत्रिम धाग्यांचा धंदा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. आता या कृत्रिम धाग्यास कापसाइतका ओलावा लागत नाही. ज्या निमित्ताने जुन्या गिरणीत हवेची व्यवस्था होई, ते निमित्तच नाहीसे झाले. धाग्याने मागणी सोडली आणि माणसाच्या नावावर ती मागणी कधी नोंदलेलीच नव्हती.

हा खर्च किती, हे उदाहरणाने पाहू. एखाद्या खात्यात एकेका अश्वशक्तीचे शंभर माग पूर्ण भाराने चालत आहेत असे धरले, तर ते किमान ७५ किलोवॉट वीज ओढतील. माग हलतो, धोटा धावतो, कापड निघते. पण शेवटी ती सारी वीज उष्णता होऊन त्याच पत्र्याखाली साठते. ती काढून टाकण्यास सुमारे २१ टनांचे यंत्र हवे. ट्यूडरच्या जहाजाने कलकत्त्यास उतरविलेला सगळा बर्फ अशा एका खात्यास पाच दिवसही पुरला नसता!

पाण्याने निवणारे चांगले यंत्र प्रत्येक टनामागे सुमारे पाऊण किलोवॉट वीज घेते. हवेने निवणारे जुने यंत्र सव्वा किलोवॉट किंवा त्याहून अधिक घेते. म्हणजे मागांच्या विजेवर आणखी एक-पंचमांश ते एक-तृतीयांश भार पडतो, आणि छपराच्या उन्हाचा हिशेब तर अजून यात धरलेलाच नाही. कोरड्या महिन्यांत नागपूरचा उपाय, म्हणजे पाण्याचे तुषार आणि पंखे, याच्या कितीतरी कमी विजेत भागतो. परंतु सुरत समुद्राजवळची. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते. मग तुषारांनी गारवा येत नाही, उलट घाम सुकेनासा होतो.

मोठ्या कारखान्यांकडून विजेचा हिशेब मागण्याची व्यवस्था देशात झाली आहे. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला आणि २०१२ पासून मोठ्या कापड गिरण्यांना ऊर्जा बचतीची उद्दिष्टे देण्यात आली; पण ती वर्षाकाठी ३,००० टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वापरणाऱ्यांनाच. १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांपासून लागू होई. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत हा आकडा वीसवर नेला. विजेचा हिशेब असो वा उष्म्याचा, दोन्ही लहान खात्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबतात. आत मात्र बारा-बारा तासांची पाळी चालते.

तरीही कारखानदाराला परवडणारा मार्ग नाही असे नव्हे. जुन्या मोटारीच्या जागी कमी वीज खाणारी मोटार बसविली, तर वाचलेले प्रत्येक युनिट दोनदा वाचते. एकदा मीटरवर, आणि दुसऱ्यांदा खात्यात तेवढी उष्णता निर्माणच होत नाही म्हणून. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला, तर त्याची वीज जवळजवळ निम्मी होते. पत्र्यास पांढरा रंग आणि छपरास गरम हवा जाण्याचे झरोके, यांस तर वीज मुळीच लागत नाही.

गारव्याची विद्या बोस्टनच्या बर्फापासून लिंबायतच्या दारापर्यंत आली आहे. आजवर ती खात्यात शिरली ती धाग्याचे बोट धरून. ज्या दिवशी खात्याच्या वहीत मागाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नावानेही गारव्याची एक ओळ लिहिली जाईल, त्या दिवशी हा इतिहास एक पाऊल पुढे सरकेल.