छोट्या वाहनांचा कायदा आणि कुपवाडचा रस्ता

सांगली, मिरज आणि कुपवाड ही गावे ९ फेब्रुवारी १९९८ रोजी एका महानगरपालिकेत आली, परंतु त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर दुचाकीचे राज्य त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. या राज्याचा इतिहास सामान्यतः कंपन्यांचा आणि मॉडेलांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो कायद्याच्या बाजूने पाहिला असता वेगळाच दिसतो, कारण छोटे वाहन म्हणजे नेमके काय, हे ठरविण्याचे माप कायद्याने वेळोवेळी बदलले आणि प्रत्येक माप रस्त्यावरील वस्तुस्थितीच्या मागेच राहिले.

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारींसाठी १९१४ साली अखिल भारतीय कायदा झाला आणि १९३९ साली त्याची जागा अधिक विस्तृत अशा मोटार वाहन कायद्याने घेतली. कृष्णाकाठी मात्र तेव्हा एकच एक सत्ता नव्हती. सांगली, थोरली व धाकटी मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, औंध आणि जत वेगळी होती, तर तासगाव हा सातारा जिल्ह्यातील ब्रिटिश मुलूख होता. त्यामुळे सांगलीहून तासगावला निघालेला मनुष्य एका सत्तेच्या हद्दीतून दुसऱ्या सत्तेच्या हद्दीत जात असे. १९४८ साली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे करण्यात आले. रहदारीच्या कायद्याची एकसारखी चौकट या भागाला लाभली ती या घडामोडींमुळे.

त्या काळातील खरे छोटे वाहन सायकल हे होते. पुढे किर्लोस्करवाडीला ज्यांनी कारखाना उभारला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आरंभ केला तो सायकलींच्याच दुकानाने. सायकल मोटार कायद्यात बसत नव्हती, म्हणून तिचा बंदोबस्त पोलीस आणि नगरपालिका यांच्याकडे राहिला. महाराष्ट्रातील अनेक शहरांत सायकलींवर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसणे आणि डबलसीट बसणे यांसाठी पोलीस अडवीत. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियम १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही आहे, आणि तो इंजिनाच्या वाहनांपुरता मर्यादित नाही. सायकलस्वाराला परवाना लागत नसे, पण त्याला नियमही नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्यानंतरच्या काळात कुपवाडच्या परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. पाळीला वेळेवर पोहोचण्यासाठी कामगाराला सायकलीपेक्षा वेगवान आणि स्कूटरपेक्षा स्वस्त असे काही हवे होते. स्कूटर मिळणेही सोपे नव्हते: तिची विक्री १९६० च्या नियंत्रण आदेशाखाली होती आणि बजाजची गाडी नोंदविल्यानंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लूना बाजारात आणली, तेव्हा ती हीच पोकळी भरून काढणार होती. सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधील घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये मोजलेले. लूनाला सायकलीसारखे पायडल होते आणि पेट्रोल संपले की ती पायांनीही ढकलत नेता येई. परंतु कायद्याने पायडलाकडे न पाहता इंजिनाकडे पाहिले, म्हणून नोंदणी, क्रमांकाची पाटी आणि परवाना हे सारे तिच्या मागे आले.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि नव्या नोंदणी पद्धतीत सांगलीच्या वाट्याला एमएच १० हा संकेत आला. परवान्यांच्या बाबतीत या कायद्याने मोटारसायकलचे दोन वर्ग केले: गिअर नसलेली आणि गिअर असलेली. वाहन चालविण्याचे किमान वय १८ ठेवताना, गिअर नसलेली मोटारसायकल १६ व्या वर्षीही चालविता येईल अशी सवलत त्यात होती, आणि त्यासाठी शिकाऊ परवाना घेताना पालकाची लेखी संमती आवश्यक होती. गिअर नाही म्हणजे वाहन हलके आणि संथ, असे यामागचे गृहीत असावे. ते कायदा होण्यापूर्वीच खोटे पडले होते, कारण कायनेटिक होंडा ही गिअर नसलेली स्कूटर १९८० च्या दशकातच रस्त्यावर आली होती आणि तिचे इंजिन लूनाच्या जवळजवळ दुप्पट होते. १९९४ च्या दुरुस्तीने सवलतीतून गिअरचा उल्लेख काढून तेथे ५० सीसीची मर्यादा घातली. ही दुरुस्ती योग्यच होती, मात्र तिचा परिणाम विचित्र झाला. त्या मर्यादेत बसणारी मोपेड बाजारातून हळूहळू नाहीशी झाली आणि २००१ नंतर अॅक्टिव्हासारख्या शंभर सीसीहून मोठ्या स्कूटरी घरोघरी आल्या. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळू शकतो, पण त्या परवान्यावर चालविण्याजोगे पेट्रोलचे नवे वाहन जवळपास मिळत नाही. शाळेच्या वेळी रस्त्यावर दिसतात त्या मोठ्या गाड्याच. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी जबर शिक्षा ठेवली.

हेल्मेटची कथा थोडक्यात सांगता येते. सक्तीचा नियम वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात मान्य केले आणि नव्या कायद्याच्या कलम १२९ मध्ये सक्ती आली. तरी महाराष्ट्रात अंमलबजावणी सतत डळमळीत राहिली, आणि २०१६ साली हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असे जाहीर झालेले धोरणही टिकले नाही. नियमाचा अभाव हे कारण कधीच नव्हते.

विजेवरील वाहनांनी आणखी एक माप आणले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या वाहनाच्या मोटरीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते इतर अटी पुरी करीत असल्यास आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे तपासलेले असल्यास मोटार वाहनच मानले जात नाही. साहजिकच नोंदणी, परवाना, विमा आणि हेल्मेटची सक्ती ही सारी कलमे गळून पडतात, आणि वयाची अटही. ही मर्यादा कागदावर नेमकी असली तरी तारांची जोडणी बदलून वेग वाढविता येतो. २०२२ साली परिवहन विभागाने अशा बेकायदा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध राज्यभर तपासणी मोहीम काढली. रस्त्यावरील पोलिसाला मोटरीचे वॉट नजरेने मोजता येत नाहीत, त्याला दिसते ती पाटी आहे की नाही एवढेच. नोंदणी झालेल्या विजेच्या खासगी गाडीला २०१८ पासून हिरवी पाटी आणि त्यावर पांढरी अक्षरे असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना हे नाव विजेच्या गाडीवर परत आले. तिचा वेग २५ किलोमीटरच्या मर्यादेपलीकडचा असल्याने तिला नोंदणी आणि परवाना लागतो. कायद्यातील सोळा वर्षांच्या सवलतीचे माप मात्र अजूनही सीसीमध्येच लिहिलेले आहे, आणि विजेच्या मोटरीला सीसी नसतात.