वंशावळ, व्याख्यान आणि रुमाल

बडोद्याच्या गादीचा वारस १८७५ साली एका वंशावळीच्या आधारे ठरला, ही गोष्ट आपणा बडोदेकरांस ऐकून माहीत असते. परंतु तिचा अर्थ आपण क्वचितच लक्षात घेतो. मल्हारराव महाराज पदच्युत झाले होते. त्यांचे बंधू खंडेराव महाराज १८७० सालीच निवर्तले होते. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी दत्तक घ्यावयाचा मुलगा गायकवाडांच्या वंशातलाच असावा, ही अट होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. ही शाखा मूळ पुरुष पिलाजीरावांपर्यंत खरोखर पोहोचते किंवा कसे, याची इंग्रज अधिकाऱ्यांनी चौकशी करवली आणि त्यानंतर २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांच्या गोपाळरावांचे दत्तविधान होऊन ते सयाजीराव झाले. ज्यांच्या ग्रंथालयविषयक धोरणाच्या सावलीत आपली वाचनालये वाढली, ते महाराज या नगरीस मिळाले ते पिढ्यांच्या एका यादीमुळे. त्या यादीत एखादे नाव गळले असते, तर या शहराचा इतिहास कसा झाला असता, याचा विचार करून पाहावा.

वाचनालयाच्या सभागृहात स्थानिक इतिहासावर आणि घराण्यांच्या इतिहासावर जी व्याख्याने होतात, त्यांचे मोल सांगताना म्हणूनच मी वंशावळीपासून आरंभ करीत आहे. या व्याख्यानांस गर्दी होते ती बहुधा घराण्यांच्या विषयालाच. 'बडोद्याची जकात' असा विषय जाहीर झाला की पुढल्या दोन ओळी भरतात. 'बडोद्यातील मराठी घराणी' म्हटले की वर्तमानपत्रांची मेजे उचलून भिंतीशी लावावी लागतात.

ही प्रथा आपली नव्हे, पुण्याची आहे. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तेथील सभांमध्ये वक्तृत्वास फारसा वाव नसे. ज्याला जे अस्सल सापडले ते त्याने मांडावे, इतरांनी शंका घ्याव्यात आणि टिपण छापले जावे, अशी रीत होती. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तोही घराघरांतील दप्तरे धुंडाळूनच. माळ्यावरचा रुमाल आपण होऊन खाली येत नाही. कोणीतरी येऊन, ओसरीवर बसून, वारंवार मागावा लागतो. गो. स. सरदेसाई तर १८८९ पासून १९२५ पर्यंत येथेच, बडोद्याच्या सेवेत होते. 'मराठी रियासत' येथे वाढली. घराण्यांच्या वंशावळी जुळवण्याचा त्यांचा छंद अखेरपर्यंत सुटला नाही, आणि त्याचे त्यांनी स्वतंत्र पुस्तकही केले.

वंशावळ हा इतिहासाचा पुरावा खरा. मात्र तो फिर्यादीने स्वतः लिहिलेला पुरावा होय. वतनाचा तंटा उभा राहिला की करीना लिहिला जाई, आणि करीन्याबरोबर वंशावळ. ज्या भाऊबंदास वाटा द्यावयाचा नाही, त्याची शाखा तीत उतरत नसे. दत्तक आलेला मुलगा औरस म्हणून बसे. मुली तर बहुधा नसतच. थोरामोठ्यांच्या वंशावळींनाही हा नियम सुटलेला नाही. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा समग्र वृत्तान्त मराठीत कोरवला. परंतु दगडावर कोरले म्हणून आरंभीच्या पिढ्या इतिहासात जमा होत नाहीत. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या अधिक भरवशाच्या, कारण तेथे यात्रेकरूने आपल्या हाताने आजोबा, वडील, भाऊ यांची नावे लिहिलेली असतात आणि त्या वेळी त्याचा कोणाशी दावा चालू नसतो.

हे सारे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझे स्वतःचे व्याख्यान या सभागृहात झाले, तेव्हा एवढी समज नव्हती. विषय होता आमचेच घराणे. आमच्या वंशावळीचा मूळ पुरुष पिलाजीरावांबरोबर दावडीहून गुजरातेत आला, असे लहानपणापासून ऐकलेले. मी ते मोठ्या अभिमानाने सांगितले आणि तक्ता फळ्यावर काढला. माझे थोरले काका पहिल्या रांगेत बसले होते. व्याख्यान संपल्यावर महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. त्यांनी विचारले, "मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंत पिढ्या किती?" मी मोजून म्हणालो, "सात." ते म्हणाले, "पिलाजीराव १७३२ साली डाकोरास मारले गेले. त्या वेळी आपला मूळ पुरुष तिशीचा धरला, तर त्याच्या जन्मापासून आपल्या जन्मापर्यंत पावणेतीनशे वर्षे होतात. म्हणजे आपल्या घराण्यात प्रत्येकाला पंचेचाळिसाव्या वर्षी मुलगा झाला. असे झाले असेल तर आनंदच आहे." सभागृह हसले. काका हसले नाहीत.

घरी येऊन मी वडिलांच्या पेटीतला रुमाल सोडला. मोडी मला तेव्हा जेमतेम वाचता येई. एका स्नेह्याची मदत घेतली. त्यात संवत १९०५चे, म्हणजे १८४८च्या सुमाराचे, गणपतराव महाराजांच्या कारकिर्दीतले नेमणुकीचे पत्र निघाले. वंशावळीतील दुसरा पुरुष फडात कारकून म्हणून नव्याने लागल्याचे त्यात होते, आणि तो 'देशाहून नूतन आला' असा शेराही होता. पिलाजीरावांच्या मृत्यूनंतर एकशे सोळा वर्षांनी चाकरीस लागलेला मनुष्य त्यांच्या शिलेदाराचा मुलगा असणे शक्य नव्हते. आम्ही तलवारीने आलो नव्हतो, लेखणीने आलो होतो. पुढच्या महिन्यात तशी दुरुस्ती मी त्याच सभागृहात वाचून दाखविली. काकांनी माझ्याशी बोलणे सोडले.

दिवाळीनंतर एके दिवशी त्यांच्या नातवाने आणखी एक रुमाल आणून दिला. बरोबर चिठ्ठी नव्हती. अर्धे कागद वाळवीने एकमेकांस चिकटवून टाकलेले. जे सुटले त्यांत लग्नांच्या आहेराच्या याद्या होत्या. मला त्या पेशव्यांच्या पत्रांहून मोलाच्या वाटतात. आमच्या वंशावळीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. या याद्यांत तीन पिढ्यांतील सुना, लेकी, आत्या नावानिशी सापडल्या, त्यांची सासरची गावे सापडली, आणि त्यातूनच तिसरा पुरुष हा दुसऱ्याच्या बहिणीचा मुलगा, दत्तक आलेला, हेही उघड झाले. म्हणजे आमचे आडनाव एका वाटेने आले आणि रक्त दुसऱ्या.

बडोद्यातील किती मराठी घरांत असे रुमाल आज उरले असतील? वाडे पडून सदनिका झाल्या, त्या वेळी माळे रिकामे झाले. पुढील पिढीला मोडी तर सोडाच, बाळबोध मराठीही अडखळत वाचता येते. प्रत्येक व्याख्यानानंतर एक-दोन श्रोते मागे थांबून हळूच म्हणतात, "आमच्याकडेही काही जुने कागद आहेत." त्यांचा पत्ता त्याच वेळी लिहून घ्यावा लागतो. दोनदा आळस झाला आणि आम्ही गेलो तेव्हा कागद रद्दीत गेले होते.

काका जाण्यापूर्वी एकदा भेटले. एवढेच म्हणाले, "मग त्या कारकुनाचा बाप कोण, ते तरी शोध." ते अजून साधलेले नाही. वंशावळीच्या नव्या प्रतीत मूळ पुरुषाचे नाव मी काढून टाकलेले नाही. त्याच्या खालची रेघ तेवढी पेन्सिलीने आखली आहे.