पराभूत सेनापतीचे स्वागत

रोमन लोकांचा इतिहास म्हटला की आपल्याकडील सुशिक्षितांस प्रथम ज्यूलियस सीझरचे नाव आठवते. परंतु सीझर हा रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरीचा पुरुष होय. त्याच्यापूर्वी साडेचारशे वर्षे ज्या व्यवस्थेने रोमचा कारभार चालविला, तिचे मर्म जाणावयाचे असेल तर इ. स. पू. २१७ व २१६ ह्या दोन वर्षांकडे वळले पाहिजे. ही वर्षे विजयाची नव्हेत, घोर पराभवांची आहेत. आणि म्हणूनच ती बोधप्रद आहेत.

परंपरेप्रमाणे इ. स. पू. ५०९ मध्ये रोमन लोकांनी आपल्या राजास हाकलून दिले. मात्र राजाचा अधिकार त्यांनी नाहीसा केला नाही. तो त्यांनी दोघांत वाटून दिला आणि एका वर्षापुरता मर्यादित केला. कॉन्सल ह्या नावाचे हे दोन अधिकारी सर्वस्वी समान असत व एकाची आज्ञा दुसऱ्यास रोखता येई. प्रत्येकापुढे बारा दंडधारी काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन चालत. त्या मोळीतील कुऱ्हाड रोमच्या हद्दीत शिरताच काढून ठेवावी लागे, कारण नगरात नागरिकाचा शिरच्छेद करण्याचा अधिकार त्या पदास उरला नव्हता. राज्यावर मोठे संकट आले तर एकच सर्वाधिकारी, म्हणजे डिक्टेटर, नेमीत. त्याच्यापुढे चोवीस दंडधारी असत. पण त्याची मुदत अधिकात अधिक सहा महिन्यांची. इ. स. पू. ४५८ मध्ये सिन्सिनेटस ह्यास शेतातील नांगरावरून बोलावून आणले व त्याने शत्रूचा पाडाव करून सोळाव्या दिवशी अधिकार परत केला, ही कथा रोमन लोक पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत.

ही व्यवस्था खरी कसोटीस लागली ती हॅनिबलमुळे. कार्थेजचा हा सेनापती आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला आणि इ. स. पू. २१७ च्या उन्हाळ्यात ट्रॅसिमिनी सरोवराच्या काठी त्याने कॉन्सल फ्लॅमिनियस ह्यास त्याच्या सुमारे पंधरा हजार सैनिकांसह ठार केले. रोमन लोकांनी क्विंटस फेबियस मॅक्सिमस ह्यास डिक्टेटर केले. फेबियसने ओळखले की सपाट मैदानावर हॅनिबलच्या घोडदळापुढे आपला निभाव लागणार नाही. तो डोंगरांच्या धारेने शत्रूच्या मागोमाग फिरू लागला. दाणावैरणीस बाहेर पडलेल्या टोळ्या कापी, परंतु लढाई देईना. मराठी वाचकास येथे गनिमी काव्याची आठवण होईल. पण आपल्याकडे त्या युद्धपद्धतीचा प्राण चपळ घोडदळ हा होता; येथे चपळ घोडदळ शत्रूच्याच बाजूस होते, आणि फेबियसजवळ केवळ संयम होता.

संयम लोकांस आवडत नाही. डोळ्यांदेखत गावे जळत असता सेनापती टेकडीवर स्वस्थ बसतो, हे पाहून ‘दिरंगाई करणारा’ असे टोपणनाव त्यास मिळाले. हॅनिबलने तर सर्वांची शेते जाळून फेबियसचे तेवढे शेत मुद्दाम राखले, की त्याच्या निष्ठेविषयी शंका यावी. फेबियसने ते शेतच विकून टाकले व त्या पैशाने युद्धकैद्यांची खंडणी भरली.

त्याचा दुय्यम अधिकारी मिन्युशियस हा उतावळ्या पक्षाचा होता. फेबियस धर्मकार्यासाठी रोमास गेला असता त्याने एक लहानशी चकमक जिंकली, आणि हर्षभरित झालेल्या लोकसभेने त्यास डिक्टेटरच्या बरोबरीचा अधिकार देऊन टाकला. असा अपमान झाल्यावर फेबियसने राजीनामा दिला असता तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. त्याने तो दिला नाही. मिन्युशियसने एकाआड एक दिवस सर्व सैन्याचे आधिपत्य करण्याची सूचना केली, तेव्हा फेबियसने सैन्यच वाटून घेतले. सर्वनाश टळून निदान अर्धे तरी वाचावे, हा त्याचा हिशेब. थोड्याच दिवसांत मिन्युशियस हॅनिबलच्या सापळ्यात सापडला, आणि ज्याची त्याने यथेच्छ निंदा केली होती तोच आपले सैन्य घेऊन त्याच्या मदतीस धावला. संध्याकाळी मिन्युशियस फेबियसच्या छावणीत आला, त्यास पिता म्हणून संबोधिले आणि पुन्हा त्याच्या हाताखाली राहू लागला. मला तर फेबियसच्या साऱ्या मोहिमेत ही एक सायंकाळ सर्वांत मोठी वाटते.

मुदत संपली. हॅनिबल इटलीत तसाच होता, तरी फेबियस पदावरून उतरला.

पुढच्या वर्षीचे कॉन्सल पॉलस व व्हॅरो हे एकाआड एक दिवस आधिपत्य करीत. फेबियसने जी वाटणी नाकारली होती, नेमकी तीच! २ ऑगस्ट २१६ रोजी, व्हॅरोच्या पाळीच्या दिवशी, कॅनी येथे सुमारे ऐंशी हजार रोमन पायदळ हॅनिबलच्या निम्म्या पायदळाने व वरचढ घोडदळाने चोहोंकडून वेढले. लिव्हीच्या मते अठ्ठेचाळीस हजार रोमन पडले. पॉलिबियस तर सत्तर हजार म्हणतो. पॉलस पडला, मिन्युशियसही पडला. सीनेटचे सभासद व त्या योग्यतेचे मिळून ऐंशी पुरुष गेले. व्हॅरो मात्र मोजक्या स्वारांनिशी निसटला व उरलेले सैनिक गोळा करू लागला.

रोममध्ये घरोघर सुतक होते. स्त्रियांचा शोक तीस दिवसांत आटोपता घ्यावा, असा ठराव सीनेटला करावा लागला. फेबियसच्या सल्ल्यावरून वेशींवर पहारे बसले. आणि अशा वेळी व्हॅरो परतला, तेव्हा सर्व थरांतील लोक त्यास सामोरे गेले व त्याने प्रजासत्ताकाविषयी आशा सोडली नाही म्हणून त्यांनी त्याचे आभार मानले. लिव्ही म्हणतो की तो कार्थेजचा सेनापती असता तर कोणतीही शिक्षा त्यास चुकली नसती. हरलेल्या सेनापतीस क्रुसावर चढविल्याची उदाहरणे कार्थेजच्या इतिहासात आहेतच. ज्यास शत्रूइतकेच आपल्या नगराचेही भय, तो सेनापती पराभवानंतर घरी कशास येईल? लिव्हीने व्हॅरोस खाटकाचा मुलगा म्हणून हिणविले आहे. त्या काळच्या सीनेटने मात्र त्याच्या हाती पुढेही सैन्ये दिली.

परंतु हे औदार्य सर्वांच्या वाट्यास आले नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅनीहून जिवंत परतलेल्या साध्या शिपायांस सीनेटने सिसिलीत धाडले आणि शत्रू इटलीत असेतो घरी येण्याची बंदी केली. नायकास आभार व शिपायास हद्दपारी! इ. स. पू. २०४ मध्ये तरुण सिपिओने ह्याच बदनाम पलटणी आफ्रिकेत नेल्या, आणि २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचा पराभव झाला त्यात त्या होत्या. ह्या आफ्रिकेच्या स्वारीस वृद्ध फेबियसने कडाडून विरोध केला होता. २०३ मध्ये तो वारला. विजय त्याने पाहिला नाही.

त्याची आणखी एक हकीकत आहे. इ. स. पू. २१३ मध्ये त्याचा मुलगा कॉन्सल झाला व बाप त्याच्या हाताखाली काम करण्यास छावणीत आला. म्हातारा घोड्यावर बसूनच पुढे येऊ लागला. अकरा दंडधारी आदराने गप्प राहिले. तेव्हा मुलाने शेवटच्या दंडधाऱ्याकडून त्यास खाली उतरण्याची आज्ञा देवविली. फेबियस ताबडतोब उतरला आणि म्हणाला, की आपण कॉन्सल आहोत हे तुला कळते की नाही, एवढेच मला पाहावयाचे होते.

ही दृष्टी एकाएकी गेली नाही. इ. स. पू. ३२७ मध्येच, नेपल्सचा वेढा अर्धवट राहू नये म्हणून, एका कॉन्सलचे आधिपत्य त्याचे वर्ष संपल्यावर वाढविण्यात आले होते. पुढे समुद्रापलीकडे प्रांत मिळाले व मुदतवाढ नित्याची झाली. प्रत्येक वेळी कारण सयुक्तिकच असे. उत्तरेच्या टोळ्यांच्या भयाने मेरियस १०४ ते १०० अशी सलग पाच वर्षे कॉन्सल राहिला. त्याने भूमिहीनांस सैन्यात घेतले, आणि हे शिपाई जमिनीसाठी सीनेटकडे न पाहता सेनापतीकडे पाहू लागले. ८८ मध्ये पूर्वेकडील मोहीम सुल्लाकडून काढून मेरियसला दिली, तेव्हा सुल्ला सैन्यानिशी रोमवर चालून गेला. एक वगळता त्याचे सारे वरिष्ठ अधिकारी त्यास सोडून गेले. शिपाई मात्र गेले नाहीत. ८२ मध्ये त्याने डिक्टेटरपद घेतले. एकशे वीस वर्षे ते पद कोणास दिलेले नव्हते, आणि आता त्यास सहा महिन्यांची मर्यादाही उरली नव्हती. तीन वर्षांत सुल्लाने ते स्वतःच सोडले.

सीझरला गॉलचे आधिपत्य प्रथम पाच वर्षांसाठी मिळाले, मग आणखी पाच वर्षांसाठी. इ. स. पू. ४४ च्या फेब्रुवारीत तो तहहयात डिक्टेटर झाला. पुढल्या महिन्याच्या १५ तारखेस सीनेटच्या सभेतच त्याचा खून झाला, आणि त्याच वर्षी अँटनीने कायदा करून डिक्टेटर हे पदच रद्द करविले.