फुलाच्या मोहाने आलेली पाहुणी



उन्हाळ्यात इचलकरंजीजवळ पंचगंगेच्या पुलावर उभे राहिले, तर कित्येकदा नदी दिसतच नाही. दिसते ते हिरवेगार कुरण! पण हे गवत नव्हे बरं का, ही जलपर्णी.

हिची ओळख सोपी आहे. पान गोलसर, तुकतुकीत. देठ मध्येच फुगलेला. तो चिरून पाहा, आत हवेच्या पोकळ्याच पोकळ्या. त्यांच्या बळावर रोप तरंगते. कमळ चिखलात रुजते. हिच्या केसाळ मुळ्या मात्र पाण्यात मोकळ्या लोंबतात. फूल जांभळट, सहा पाकळ्यांचे. वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो, मोरपिसाच्या डोळ्यासारखा.

ह्या देखण्या फुलानेच घात केला. जलपर्णीचे माहेर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे. एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी तिला बागेतील हौदांची शोभा म्हणून देशोदेशी नेले. हौदातून ती ओढ्यात गेली, ओढ्यातून नदीत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या नद्यांत बोटी अडू लागल्या. तेव्हा १८९९ साली तेथील सरकारने पाणी मोकळे करण्याचे काम लष्कराच्या इंजिनियरांवर सोपवले. आपल्या देशात ती त्याच शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली. भातखाचरे आणि होड्यांच्या वाटा बुजल्या. १९३६ साली तिच्यासाठी खास कायदा झाला. मोहिमा निघाल्या, लोकांनी हातांनी पाणी मोकळे केले. पण ती समूळ गेली नाही.

का गेली नाही? एका रोपाला आडवे फुटवे फुटतात आणि पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत रोपे दुप्पट होतात. बी तर चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. ह्या हिरव्या जाजमाखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांचे फावते.

पण एवढे माजायला खाऊ हवा ना! तो कोण घालतो? प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या वाटेत पंचगंगेला कोल्हापूर भेटते, इचलकरंजी भेटते. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. गाव वाढले, शहर झाले. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी, उसाच्या फडांतून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद, सारे नदीतच. त्यात उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे पाणी तुंबलेले. मग जलपर्णीला आणखी काय हवे?

१९८० नंतर बंगळूरजवळच्या तळ्यांत हिची पाने खाणारे भुंगेरे सोडले, त्यांचा गुणही आला. पंचगंगेतली जलपर्णी काढावी, फुले येण्याआधी काढावी, काठावर न टाकता दूर नेऊन तिचे खत करावे. पण सांडपाणी शुद्ध झाल्यावाचून हे काम दरवर्षी नव्याने करावे लागेल.

गुरुजींनी एक प्रयोग करावा. एका बादलीत विहिरीचे पाणी, दुसरीत गटाराचे. दोन्हींत दोन-दोन रोपे. महिन्याने मुलांकडून मोजून घ्या आणि रोपे कडक वाळवून जाळून टाका. मुलांना कळेल की पाहुणी आली ती फुलाच्या मोहाने, पण मुक्कामाला राहिली ती आपण वाढलेल्या ताटामुळे.