हंटरवालीची बेटी आणि पडणारे दहाजण



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंतातल्या व्याख्यानमालेत उभे राहून मारामारीच्या चित्रपटांवर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु पडद्यावरची मारामारी हेसुद्धा एक कामच आहे. त्या कामाला पाळी असते, मजुरी असते, मुकादम असतो, आणि अपघातही असतो. हे काम कोण करतो, आणि एकदा गाजलेला चित्रपट पुन्हा काढायचा ठरला म्हणजे त्या माणसाच्या वाट्याला काय येते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गाजलेल्या चित्रपटाचे पुढचे पाऊल म्हणून जो दुसरा चित्रपट निघतो त्याला हल्ली सगळेच सीक्वेल म्हणतात. ही आजची टूम आहे असा आपला समज असतो. वस्तुतः ती आपल्या मुंबईत ऐंशी वर्षांहून जुनी आहे. १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ हा चित्रपट आला. हिंदी चित्रसृष्टीतला पहिला सीक्वेल म्हणून त्याचेच नाव घेतात. त्याची आई ‘हंटरवाली’ १९३५ सालची.

जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया हे दोघे बंधू जहाजबांधणी करणाऱ्या लवजी वाडियांच्या घराण्यातले. थोरले एम. ए., एल्‌एल. बी. झालेले, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळलेले. धाकट्यांचा जीव कॅमेऱ्यात. १९३३ साली त्यांनी वाडिया मूव्हीटोन ही संस्था काढली. मेरी इव्हान्स ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली, लहानपणीच हिंदुस्थानात आलेली, सर्कशीत आणि नृत्याच्या मेळ्यात काम केलेली तरुणी त्यांच्याकडे आली. तीच पुढे ‘फिअरलेस नादिया’ म्हणून गाजली. ‘हंटरवाली’त ती राजकन्या होती. तोंडावर बुरखा, हातात चाबूक, आणि गरिबांना नाडणाऱ्यांना झोडपून काढायचे, एवढी सरळ कथा. खर्च त्या काळच्या मानाने मोठा, सुमारे ८० हजार रुपये. बाईमाणूस पुरुषांना बडवते हे लोक पाहतील काय, ह्या शंकेने वितरक कचरले. अखेर चित्रपट लागला तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. बाजारात हंटरवालीच्या नावाच्या काड्यापेट्या आणि कमरपट्टेसुद्धा निघाले.

मग साचा तयार झाला. ‘मिस फ्रंटियर मेल’ १९३६ साली, ‘हरिकेन हंसा’ १९३७ साली, ‘लुटारू ललना’ १९३८ साली, ‘पंजाब मेल’ १९३९ साली, ‘डायमंड क्वीन’ १९४० साली. नावे निराळी, घडण एकच: धावत्या आगगाडीच्या टपावर झुंज, शहाणा घोडा, नाव ठेवलेली मोटार, आणि दोन झुंजींच्या मध्ये पोट धरून हसवणारे प्रवेश. हे चित्रपट नुसते मारधाडीचे नव्हते, विनोदाचेही होते. गुंडाला उचलून खांद्यावर घेतले की प्रेक्षागृहात हशा आणि टाळ्या एकदमच उठत.

१९४२ साली होमी वाडियांनी बसंत पिक्चर्स ही निराळी संस्था काढली. परळच्या वाडिया मूव्हीटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. महायुद्ध ऐन भरात होते. कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला होता, आणि सरकारने चित्रपटाची लांबी ११ हजार फुटांवर बांधून टाकली होती. अशा वेळी नव्या संस्थेने नवी कथा घेऊन जुगार खेळावा, की लोकांच्या तोंडी असलेले नाव पुन्हा विकावे? कोणताही व्यापारी देईल तेच उत्तर होमी वाडियांनी दिले. बटुक ऊर्फ नानाभाई भट्ट यांनी ‘हंटरवाली की बेटी’ दिग्दर्शित केला, आणि आठ वर्षांनंतर, वयाच्या पस्तिशीत, नादिया पुन्हा चाबूक घेऊन उभी राहिली. चित्रपट चालला आणि बसंतचा पाया पक्का झाला.

येथपर्यंतचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो, कारण त्याला नावे आहेत. परंतु आपण हिशेब पुढे नेऊ. नादिया एका दमात दहा जणांना लोळवी. ते दहाजण कोण? चित्रपटाच्या नामावळीत त्यांना जागा नसे. आणि कामाच्या दृष्टीने पाहिले तर मारणाऱ्यापेक्षा पडणाऱ्याचे काम अधिक कठीण असते. ठोसा हनुवटीपासून चार बोटे दूरच थांबतो. तो लागला असे भासवायचे काम खाणाऱ्याचे. मान केव्हा फिरवायची, पाय कसे सोडायचे, पाठ कोठे टेकायची, हे त्याच्या अंगात मुरलेले असावे लागते. नादियाचे धैर्य खरेच होते. ती स्वतःच्या उड्या स्वतः मारी आणि बदली माणूस घेत नसे. म्हणून तिचा मान मोठा. परंतु तिच्या धैर्यामागे पडणाऱ्यांचे कसब उभे होते.

आता सीक्वेलचे अर्थशास्त्र पाहा. प्रेक्षकाने पहिल्या चित्रपटात एका छपरावरून उडी पाहिली आहे. दुसऱ्यात तेवढीच उंची दाखवली तर तो म्हणणार, हे तर आम्ही पाहिलेच आहे. म्हणजे उंची वाढली पाहिजे, वेग वाढला पाहिजे, पडणारेही वाढले पाहिजेत. तिकिटाचा दर मात्र तोच, आणि बहुधा पडणाऱ्याचा रोजही तोच.

गिरणगावाला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग चालवावेत, ही मालकांची योजना त्याने अनुभवली होती. तिला तेव्हा रॅशनलायझेशन हे भारदस्त नाव होते. १९२८ साली दीड लाखांच्या आसपास गिरणीकामगार सुमारे सहा महिने संपावर गेले त्यामागचे एक मोठे कारण तेच होते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आमच्या पावण्याच्या कारखान्यांतही हीच भाषा चालते. गेल्या महिन्यात शंभर पिंपे भरली ना? मग ह्या महिन्यात सव्वाशे भरा. सीक्वेल हे करमणुकीतले रॅशनलायझेशन आहे. गेल्या वेळचा विक्रम हा ह्या वेळचा नेहमीचा कोटा ठरतो.

ज्यांना हे नाते शब्दशः लागू पडते असे एक गृहस्थ म्हणजे भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा. १९१३ सालचा जन्म, वडील गिरणीकामगार. १९३८ सालच्या ‘बहादूर किसान’पासून त्यांनी थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत मारधाडीचे आणि विनोदाचे चित्रपट काढले. ते पाहणारा प्रेक्षक कष्टकरी वस्त्यांतला, त्यांच्याच आळीतला. १९५१ साली ‘अलबेला’ आला आणि देशभर गाजला. मग त्यांनाही दुसऱ्या फेरीचा मोह पडला. त्याच गीता बाली, तेच सी. रामचंद्र घेऊन १९५३ साली ‘झमेला’ काढला, पुढे १९६६ साली ‘लाबेला’. यमक जुळले, यश जुळले नाही. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. २००२ साली त्यांचे निधन झाले. पैसे लावणारा आणि घाम गाळणारा एकच असला, तर सीक्वेलचा तोटा कोणाच्या अंगावर पडतो, हे ह्या एका आयुष्यात दिसते.

भगवानदादांच्याच काळातली आणखी एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि तीन वर्षे औषधपाण्यात गेली. त्या नायिका होत्या, त्यानंतर चरित्रभूमिकांकडे वळल्या. १९५९ सालच्या ‘अनाडी’ने त्यांना पारितोषिक मिळवून दिले आणि छळवादी सासू म्हणून त्या घरोघर पोहोचल्या. लोक म्हणतात, बघा, अपघाताचे सोने केले. ते सोने त्यांच्या कर्तबगारीचे होते. ती एक थप्पड होती, आगगाडीचे टप नव्हते. कारखान्याच्या भाषेत बोलायचे तर कामावर असताना झालेली ती कायमची इजा होती.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. हाँगकाँगचा जॅकी चॅन हा विनोदी मारामारीचा बादशहा. ‘आर्मर ऑफ गॉड’ ह्या १९८६ सालच्या चित्रपटासाठी युगोस्लाव्हियात झाडावरून उडी मारताना तो खाली पडला आणि त्याची कवटी फुटली. त्या मालिकेतला दुसरा चित्रपट १९९१ साली आला, तिसरा २०१२ साली. अमेरिकेत ‘जॅकअ‍ॅस’ नावाची मंडळी २००० सालापासून अंगावर संकटे ओढवून घेऊन लोकांना हसवीत आली आहेत. त्यांचे मुख्य चित्रपट २००२, २००६, २०१० आणि २०२२ साली आले. चौथ्याच्या चित्रीकरणात म्होरक्या जॉनी नॉक्सव्हिल याला बैलाने उडवले. मनगट आणि बरगडी मोडली, मेंदूत रक्तस्राव झाला. त्याने पन्नाशी गाठत आणली होती. ह्या चित्रपटात काही नवे, तरुण गडीही सामील करून घेतले होते. जुन्या हाडांना पेलेना तेव्हा नवी हाडे आणायची, हीही कारखान्यातली ओळखीची रीत आहे.

कोणी विचारील, मग काय हे चित्रपट बंद करायचे? मुळीच नाही. माणूस पडला की माणूस हसतो, हे नाटक-तमाशाइतके जुने आहे, आणि कष्ट करून आलेल्याला तीन तासांचे हसू हवेच. मुद्दा इतकाच की चढाओढ कशात करायची? धोक्यात की कसबात? दोन्ही वाटा पहिल्यापासून खुल्या आहेत.

उदाहरण घ्या. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर सरकतात. झुंज टिपताना कॅमेरा सेकंदाला १८ चित्रांच्या गतीने चालवला, तर चार सेकंदांत केलेले काम पडद्यावर तीन सेकंदांत होते. माणूस सावकाश, जपून पडतो, आणि प्रेक्षकाला तो भर्रकन पडलेला दिसतो. उंचावरून पडायचे असेल तर खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर आणि वर गाद्या रचतात. खोकी चेपत जातात आणि आघात गिळतात. उंची वाढली तर थर वाढले पाहिजेत. थर रचायला वेळ लागतो, तालमीला दिवस लागतो, आणि दिवसाला पैसा लागतो. निर्माता घाईत असला की पहिल्यांदा तालीम कापली जाते. म्हणून सुरक्षितपणा हा दयेचा प्रश्न नसून वेळेच्या मजुरीचा प्रश्न आहे.

कायद्याकडे पाहू. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे हंटरवालीच्या आधी बारा वर्षांचा. परंतु रोजावर बोलावलेल्या माणसाने मोडलेला पाय घेऊन आपला मालक कोण हे सिद्ध करीत फिरायचे, तर कायदा पुस्तकातच राहतो. म्हणून पडणाऱ्यांनी आपली संघटना बांधली. आरंभी बायकांच्या उड्याही साडी नेसून पुरुषच मारीत. रेश्मा पठाण यांच्यासारख्या स्त्रियांनी ती जागा मिळवली आणि १९७५ सालच्या ‘शोले’त हेमामालिनीच्या बदली त्यांनीच धोका पत्करला. १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी लेखी कराराचा कायदा झाला. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये बेंगळुरूजवळ एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी मारलेले दोन नट बुडून मेले. त्यांच्या अंगात तरंगण्याचे जाकीटही नव्हते. पुढच्या वर्षी मुंबईत अभिनेते अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने स्टंट-कलाकारांसाठी विमा योजना निघाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. दृक्‌श्राव्य कामगारांत स्टंट करणारेही मोडतात आणि त्यांना नियुक्तिपत्र दिले पाहिजे, असे सरकारने जाहीर केले आहे.

नव्या संहितांविषयी कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण नियुक्तिपत्राची किंमत मी जाणतो. ज्याच्या हातात कागद आहे त्याचा अपघात कामावर झालेला ठरतो. ज्याच्या हातात नाही तो वाटेने जाताना पडलेला ठरतो.

मागण्या साध्या आहेत. तालमीच्या दिवसाचा पूर्ण रोज. प्रत्येक झुंजीच्या ठिकाणी रुग्णवाहिका. पूर्वीच्या भागापेक्षा धोका वाढवलात तर दरही वाढवा. हा प्रवेश मी करणार नाही, असे म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही कामावर बोलवा. आणि पडद्यावर नाव द्या. अमेरिकेच्या ऑस्कर मंडळाने स्टंट-रचनेसाठी स्वतंत्र पारितोषिक जाहीर केले ते २०२५ साली, आणि ते लागू व्हायचे ते २०२७ सालच्या चित्रपटांपासून. मंडळाची शंभरी भरत आली तेव्हा त्यांना पडणारा दिसला. आपण एवढे थांबू नये.

हंटरवालीला आई होण्याचे भाग्य लाभले, तिची बेटी आली, पुढे नाना मालिका आल्या आणि येत राहतील. उद्या आपण चित्रपटगृहात बसू, पुढचा भाग पाहू, पोट धरून हसू. हसलेच पाहिजे. फक्त दहावा माणूस कोसळला म्हणजे, दिवे लागल्यावर लगेच उठू नका. नामावळी सरकत असते, तेवढी वाचून जा. त्यात त्याचे नाव नसले, तर ते का नाही असे विचारणारे आम्ही थोडे आहोत. विचारणारे वाढले पाहिजेत.