घड्याळाचे साक्षीदार

मी ज्या कारखान्यात होतो तेथे दारावर एकच घड्याळ असे. ते पुढे धावले की आमची पाच मिनिटांची मजुरी कापली जाई; दाद मागावी, तर साक्षीदार कोण?

संगणकाचे घड्याळही चुकते. त्यातील स्फटिकाची चाल उष्णतेने बदलते. त्यावर अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली एक पद्धत मांडली व पुढे ती सुधारत नेली. संगणक अनेक घड्याळांना वेळ विचारतो, निरोपाच्या जाण्यायेण्याचा काळ हिशेबात धरतो, न जुळणारी साक्ष टाकून देतो आणि लहानशी चूक आपली चाल किंचित बदलून हळूहळू भरून काढतो.

मिल्स २०२४ मध्ये वारले; पद्धत आजही चालू आहे. चार साक्षी घेऊनच वेळ ठरवावी, हा न्याय आमच्या दारावर कधी पोहोचलाच नाही.