आश्रित ते हक्कदार : सांभाळणाऱ्या संस्था आणि कायदा
(व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवात एका शब्दापासून करू. सोलापुरात 'नर्सिंग होम' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दहा-वीस खाटांचा खासगी दवाखाना. खाली मेडिकल, मागे ऑपरेशन थिएटर, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक. अमेरिकेत हाच शब्द उच्चारला तर समोर येतं ते म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं कायमचं राहण्याचं ठिकाण. शब्द एक आणि अर्थ दोन. ही नुसती भाषेची गंमत नाही. या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आज आपल्याकडची कितीतरी म्हातारी माणसं अडकलेली आहेत. ती फट कशी तयार झाली, हा आजचा विषय.

आणि त्यामागचा खरा प्रश्न असा : जो माणूस स्वतःचं शरीर परक्यांच्या हाती सोपवून एखाद्या संस्थेत राहतो, त्याचा हक्क काय आणि संस्थेचं कर्तव्य काय? आपल्याकडे याची तीन उत्तरं एकामागोमाग एक आली. पहिलं दया, दुसरं बंदोबस्त, तिसरं नोंदणी. हक्क हा शब्द फार उशिरा आला.

दया

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पुढे १८७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, अनाथ बालकाश्रम उभा राहिला. पंढरपूरला न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांचा त्यात पुढाकार होता, आणि मग प्रार्थना समाजानं तो चालवला. तीर्थक्षेत्रात विधवा येत, त्यातल्या काही अडलेल्या असत. त्यांना गुपचूप बाळंत होता यावं आणि मूल जगावं, हा उद्देश.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या संस्थांनी आलेल्या बाईची गुप्तता हे आपलं पहिलं कर्तव्य मानलं. आज आपण रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क म्हणतो ना, त्याचा व्यवहार या घरांत दीडशे वर्षांपूर्वी झाला. पण तो चालकांच्या सद्‌भावनेवर उभा होता. चालक चांगला तर घर चांगलं. आत राहणाऱ्याला 'माझं चुकलं काय, मला हे का मिळत नाही?' असं विचारायची सोय नव्हती. तो आश्रित होता. आश्रितानं तक्रार करायची नसते, ही आपली जुनी समजूत, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही.

बंदोबस्त

दुसरं उत्तर सोलापूरकरांना सांगायला नको. आजही आपण एका वस्तीला 'सेटलमेंट' म्हणतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. गिरण्यांना मजूर मिळाले, सरकारला बंदोबस्त मिळाला. आत शाळा होती, काम होतं, आणि हजेरीही होती. सरकारी भाषेत याचं नाव होतं सुधारणा. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला.

तुम्ही म्हणाल, याचा आजारी आणि वृद्धांशी काय संबंध? संबंध आहे. १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा बघा. त्यात अशी तरतूद आहे की पकडलेला माणूस आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय असेल, तर शिक्षेची मुदत संपल्यावरही त्याला बेमुदत ठेवून घेता येतं. म्हणजे जो जास्त असहाय, त्याला बाहेर पडायची वाट जास्त बंद! २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरत्या या कायद्याच्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. सांभाळणं आणि डांबून ठेवणं यांतली रेघ किती पुसट असते, ते या दोन कायद्यांवरून कळतं. म्हणून कुठल्याही संस्थेबद्दल पहिला प्रश्न जेवण कसं आहे हा नसावा. आत राहणाऱ्याला बाहेर जाता येतं का, हा असावा.

नोंदणी

तिसरं उत्तर १९४९ चं. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आता ज्याला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणतात. याचं मूळ इंग्लंडच्या १९२७ च्या कायद्यात आहे. कल्पना साधी होती : पैसे घेऊन आजारी माणसाला ठेवून घेणाऱ्यानं सरकारकडे नोंद करायची, तपासणीला दार उघडं ठेवायचं, पात्र माणसं नेमायची. शहरात हे काम महापालिकेकडे. सरकारी दवाखाने मात्र या कायद्याच्या बाहेर.

या कायद्यातली व्याख्या नीट वाचा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेण्याची आणि त्यांना उपचार व शुश्रूषा देण्याची जागा म्हणजे शुश्रूषागृह. त्यात प्रसूतिगृहही आलं. 'दुर्बलता' हा शब्द तिथे पहिल्यापासून आहे. पण तेव्हा दुर्बल म्हातारा माणूस घरीच असायचा, माजघरात किंवा पडवीत. त्यामुळे हा कायदा व्यवहारात डॉक्टरांच्या दवाखान्यांचा कायदा झाला आणि तो शब्द तसाच पडून राहिला.

आणि मग वृद्धाश्रम

वृद्धाश्रमाची वाट वेगळ्या खात्यातून गेली. तो आरोग्याचा विषय धरला गेलाच नाही, समाजकल्याणाचा धरला गेला. महाराष्ट्रात साठच्या दशकात स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान सुरू झालं, आणि १९९५ नंतर मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ मध्ये केंद्राचा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम सुचवला आहे. पण तिथे शब्द वापरलाय 'राज्य सरकार स्थापन करू शकेल'. करावाच लागेल असं नाही. एका शब्दानं कायद्याचं वजन किती कमी होतं बघा. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अश्वनी कुमार खटल्यात सांगितलं की वृद्धांचा सन्मान, निवारा आणि आरोग्य हे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचेच भाग आहेत, आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितलं.

सोलापूरसाठी हा प्रश्न कोरडा नाही. गिरण्या बंद झाल्या, त्यांतले कामगार म्हातारे झाले. हजारो बायकांनी विड्या वळण्यात आयुष्य काढलं. भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये. एवढ्यात कुठला खासगी वृद्धाश्रम परवडणार? मुलं पुण्याला. आणि भाषेचं काय? इथली कितीतरी म्हातारी माणसं दुखणं तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगतात. समोर इंग्रजी संमतिपत्र ठेवून अंगठा घेतला, तर ती संमती झाली का? सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात पुरेशी माहिती दिल्यानंतरचीच संमती खरी मानली. न समजलेल्या भाषेतली माहिती पुरेशी कशी म्हणायची?

हक्क कधी आले?

जरा बाहेर बघू. अमेरिकेत १९८६ मध्ये तज्ज्ञांच्या अहवालानं नर्सिंग होममधली दुरवस्था मांडली आणि १९८७ मध्ये कायदा आला. सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायचं नाही, गुंगीची औषधं देऊन गप्प करायचं नाही, तक्रार केली म्हणून त्रास द्यायचा नाही, काढून टाकायचं तर साधारणपणे ३० दिवस आधी लेखी कळवायचं. म्हणून तिथले सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण राहणाऱ्याच्या हातात कागद आला.

आपल्याकडे असा कागद रुग्णाला मिळाला. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं १७ हक्कांची सनद तयार केली. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांचे नियम सुधारले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं, तक्रारीची सोय ठेवणं हे बंधनकारक झालं. वृद्धाश्रमांसाठी २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात नोंदणी आणि किमान दर्जा होता. ते मंजूर झालं नाही. लोकसभेची मुदत संपली, तेही संपलं.

म्हणजे स्थिती अशी. आजी चार दिवस दवाखान्यात असतील तर भिंतीवर त्यांच्या हक्कांची पाटी असते. त्याच आजी चार वर्षं खासगी वृद्धाश्रमात पडून असतील, नळीनं जेवत असतील, पाठीला जखमा झाल्या असतील, तर त्या भिंतीवर पाटी नाही. माझं म्हणणं असं की अशा ठिकाणी शुश्रूषा दिली जाते, माणूस दुर्बल आहे, मग १९४९ च्या व्याख्येतला तो पडून राहिलेला शब्द इथे लागू व्हायला हवा. त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, तक्रार करायची तर आज कुठे जायचं?

उत्तर : दवाखान्याबद्दल असेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. निर्वाहाचा प्रश्न असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे, तिथेच २००७ च्या कायद्याचं न्यायाधिकरण असतं. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः जाऊ शकत नसेल तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. वृद्धाश्रमाबद्दल समाजकल्याण कार्यालयात लेखी द्या, आणि पोच घ्या.

प्रश्न : आईला ठेवताना आम्ही काय बघावं?

उत्तर : ताई, रात्री किती माणसं कामावर असतात ते विचारा, दिवसाचं नको. भेटीला वेळेचं बंधन आहे का, औषधांची वही दाखवतात का, डिपॉझिट परत कसं मिळतं, आजार वाढला तर ठेवून घेणार की परत पाठवणार, हे सगळं लिहून घ्या. आणि आईंना विचारा. बहुतेक ठिकाणी करारावर मुलाची सही असते, राहणाऱ्याची नसते. तुमच्या करारावर आईंची सही असू द्या. पक्षकार त्या आहेत.